बायजाची राखण

"तुमच्या घरात नाय देत मी ते," चांगोशेट म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याचा हात फळीपाशी थांबला.

गौराबाईनं उंदरांचं औषध मागितलं होतं. नव्या भाताच्या कणगीला उंदरांनी तळाशी भोक पाडलं होतं, सकाळी झाडताना तूस आणि लेंड्या निघाल्या होत्या, एवढंच कारण. कर्जतच्या पेठेतलं चांगोशेटचं दुकान बियाण्यांचं, खतांचं, दोरखंडांचं. शेतावर मारायची औषधंही त्याच्याकडेच मिळत. भिसेगावच्या घाऱ्यांना मात्र तो अकरा वर्षं औषधातलं काहीही देत नव्हता. गौराबाईच्या नवऱ्यानं, सखारामनं, एकदा त्याला दुकानाच्या मागच्या अंगाला नेऊन सांगितलं होतं, की आमच्या घरातलं कुणीही आलं, मी आलो तरी, देऊ नको. चांगोशेटनं का म्हणून विचारलं नव्हतं. सखारामच्या बहिणीचं, बायजाचं, सगळ्या पेठेला ठाऊक होतं. आज सवयीनं त्याच्या तोंडून शब्द गेले आणि मग त्याला आठवलं, की बायजा आश्विनातच गेली आणि आता पौष लागलाय. तो गोरामोरा झाला. त्यानं पुडी कागदात गुंडाळून पुढं केली. "ध्यानात नाय राहिलं, वयनी," तो खाली बघत म्हणाला. गौराबाई असू दे म्हणाली, पुडी पिशवीत टाकून वळली, आणि दुकानाची पायरी उतरताना तिला खालची जमीनच लागेना. पाऊल नुसतं खाली खाली गेलं.

ती पेठेतून चालू लागली. ऊन चांगलं होतं, पाठीला बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं तिला सहन होत नव्हतं. आता घरात काहीही नेता येईल, ती स्वतःशी म्हणाली. कुणाला सांगायला नको, लपवायला नको. अकरा वर्षं ती कुठंही निघाली की आधी बायजाला कुणाच्या तरी ओटीवर बसवून निघायची. बहुतेक वेळा शेजारच्या येसूबाईच्या. 'जरा पेठेत जाऊन येते' असं ती येसूबाईला म्हणायची, येसूबाई 'जा' म्हणायची, आणि त्या दोन शब्दांत एक माणूस इकडून तिकडं जायचं. बायजा खाली मान घालून ऐकायची. आज सकाळीही दाराला कडी घालून गौराबाई येसूबाईच्या ओटीकडं वळली होती. तोंड उघडलं होतं. येसूबाई सूप हातात धरून तिच्याकडं बघत राहिली होती.

लग्न होऊन गौरा या घरात आली तेव्हा बायजा बारा वर्षांची होती. परकर वर खोचून ओढ्यात मासे धरणारी, दात मोठे असलेली पोर. सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून बायजाची वेणी गौरानंच घातली आणि पहिलं लुगडंही तिनंच नेसवलं. सतराव्या वर्षी तिला खालापुराकडं दिली. माणसं बरी होती. नवरा मारत नव्हता, सासू जेवायला घालत होती, तरी दीड वर्षात तिनं पहिल्यांदा विहीर जवळ केली, आणि त्यांनी तिला ओल्या अंगानं, कांबळ्यात गुंडाळून, बैलगाडीतून माहेरी आणून सोडलं. सासरा म्हणाला, आमच्याच्यानं हे होणार नाही. गौराच्या अजून लक्षात होतं, बायजाच्या केसांत शेवाळ अडकलेलं होतं आणि ती शरमेनं हसत होती. पाहुण्यांकडं काहीतरी सांडून आल्यासारखी. सखाराम हरवलेलं ढोर शोधावं तसा कारण शोधत कितीतरी दिवस हिंडला. सासरच्या शेजाऱ्यांना विचारलं, देवऋषी झाले, तिच्या मैत्रिणीला गाठलं. कारण कुठंच नव्हतं. बायजालाही ते सापडत नव्हतं. एकदा गौरानं अगदी मायेनं विचारलं तेव्हा ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "वयनी, तुला कशी भूक लागते? तसं ते येतं मना. मी बोलवत नाय." त्यानंतर ते तीनदा आलं. तिसऱ्या खेपेनंतर सखारामनं तिला शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवली.

तिथं ती सव्वा वर्ष होती. महिन्यातून एकदा दोघं जायची. भिंती उंच होत्या, आवार झाडून स्वच्छ ठेवलेलं असायचं, आणि बायजा एकाच रंगाचं पातळ नेसलेल्या बायकांच्या रांगेतून यायची तेव्हा गौराला ती पटकन ओळखू यायची नाही. ती सुखरूप होती. वजन वाढलं होतं. ती काही विचारायची नाही. गाय व्याली का, आई गेली तेव्हा कोण कोण आलं होतं, काही नाही. गौरानं नेलेली भाकरी ती खायची आणि रांगेत परत जायची. एक म्हातारे डॉक्टर होते, बोलताना चष्मा काढून हातात धरायचे. त्यांनी एकदा दोघांना बसवलं आणि म्हणाले, "इथं ठेवलीत तर ती सुखरूप राहील. घरी नेलीत तर कदाचित बरी राहील. दोन्ही मिळेल असं मी सांगू शकत नाही." सखाराम बाहेर येऊन कट्ट्यावर बसला आणि त्याला रडू आलं. गौरा म्हणाली, घरी नेऊ. नंतरच्या वर्षांत तिनं स्वतःला याची पुष्कळदा आठवण करून दिली होती: घरी नेऊ असं सखाराम म्हणाला नव्हता, मी म्हणाले होते.

मग राखण सुरू झाली. भिसेगावात चार घरांना मिळून एक विहीर होती. सखारामनं तिच्यावर फळ्यांचं झाकण बसवलं, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली येसूबाईच्या घरात खुंटीला लावली. तेव्हापासून चारही घरच्या बाया पाणी काढायच्या आधी किल्ली मागायला येसूबाईकडं जात. कुणी कधी कुरकुरलं असेल, पण गौराच्या कानावर आलं नाही. न्हाणीच्या दाराची आतली कडी काढून टाकली. विळी येसूबाईकडं गेली, आणि दुपारी भाजी चिरायला बायजा तिथंच जाऊन बसायची. येसूबाई समोर तांदूळ निवडत बसायची, सासरच्या, माहेरच्या, कुणाच्या तरी रेड्याच्या गोष्टी सांगायची. मोहोपाड्याच्या कारखान्यात सखारामला काम लागलं आणि तो पाळीवर जाऊ लागला, तेव्हा सगळं गौरावर आलं. बायजा कुठल्या खोलीत आहे हे तिला भिंतीपलीकडून कळायचं. भांड्याचा आवाज थांबला, की ती हातातलं काम टाकून उठायची. अशी वर्षं गेली आणि बायजा जगली. अंगण सारवायची, गुरांचं करायची, हाक मारली की ओ द्यायची. एकदा मात्र येसूबाईच्या ओटीवरून परत येताना म्हणाली, "समदी माझ्याशी किती गोड बोलतात गं. गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तशी." गौराला वाटलं, ही कृतघ्न आहे. मग वाटलं, खरंय.

आणि एक दुपार होती, ती गौराबाईनं कुणालाही सांगितली नव्हती. तिच्या अंगात ताप होता. बायजा परसात गेली होती आणि बराच वेळ आवाज आला नव्हता. गौरा उठली नाही. ती पडून राहिली, आढ्याकडं बघत, आणि तिच्या मनात आलं, होऊन जाऊ दे एकदाचं. शब्द अगदी स्वच्छ आले, कुणी कानात सांगावे तसे. पुढच्याच क्षणी ती धडपडत परसात धावली. बायजा कारल्याच्या वेलाला काठी बांधत होती. "काय गं वयनी, ताप असून कशाला उठलीस?" ती म्हणाली. त्या दिवसापासून गौरानं राखण दुप्पट केली, आणि ती आपण कुणाची करतोय हे तिला नीट कळेनासं झालं.

जिजा आली ती त्यानंतरच्या पावसाळ्याच्या तोंडावर. ठाकुरवाडीच्या खालच्या एका पाड्यावरची ठाकरीण, चाळिशीची, दर बाजाराला पानांचे भारे, शेवळांची रानभाजी, करवंदं घेऊन खाली उतरायची आणि येता जाता घाऱ्यांच्या ओटीवर पाणी प्यायची. ती फार बोलत नसे. बायजाबद्दल तिला कुणीतरी सांगितलं असणारच, पण ती तिच्याशी गोड बोलायची नाही. एकदा तिनं बायजाला पानांची जुडी बांधायला सांगितली आणि चुकली तशी सोडून पुन्हा बांधायला लावली. बायजानं तीन वेळा बांधली. मग एका मंगळवारी बायजानं विचारलं, जिजाबरोबर रानात जाऊ का. कडे, दऱ्या, ओढे, सगळं गौराच्या डोळ्यांपुढून गेलं. सखाराम पाळीवर होता. बायजा उंबऱ्यात उभी होती, तिसाव्या वर्षी, परवानगी मागत. आणि तिच्या चेहऱ्यावर मासे धरणाऱ्या त्या पोरीचं काहीतरी होतं. गौरा जा म्हणाली.

त्या दिवशी ती काही शिजवू शकली नाही. ओटीवर बसून ती डोंगराकडं बघत राहिली. ढग खाली उतरत होते, वर चढत होते. जा म्हणाले ते मी कशासाठी म्हणाले, हे ती स्वतःला विचारत होती. त्या तापातल्या दुपारसाठी की बायजासाठी? उत्तर एकदा इकडं झुकायचं, एकदा तिकडं. उन्हं कलली तेव्हा बायजा आली. हातांवर ओरखडे, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, डोक्यावर शेवळांचा भारा. तिनं खूप खाल्लं. गौरानं विचारलं, काय केलंस गं दिवसभर? बायजा म्हणाली, "काय नाय. पानं तोडली. जिजा पुढं चालते. मागं वळून बघत नाय." आणि हे बोलताना ती हसली, शरमेनं नव्हे.

दोन मंगळवार लपले, तिसरा सखारामला कळला. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता. जेवणाचं ताट पुढं सरकवून तो म्हणाला, इतकी वर्षं आपण फळ्या ठोकल्या, कड्या काढल्या, सगळ्या गावाला किल्ली मागायला लावलं, आणि तू तिला कड्यावर सोडतेस? गौरा सांगू लागली, की ती रानातून येते तेव्हा जेवते, बोलते, सकाळी आपणहून उठते. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच हे असेल. सखारामनं ते ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "तुला सुटका पायजे हाय, गौरा." तिला खोटं म्हणता आलं नाही आणि खरं म्हणता आलं नाही. बायजा चुलीपाशी बसून हे ऐकत होती. तिनं राख सारखी केली आणि म्हणाली, "दादा, मना एक दिवस दे. बाकी सा दिवस मी हाय ना तुमच्यात." सखारामनं सरकवलेलं ताट परत जवळ ओढलं. पुढची चार वर्षं दर मंगळवारी बायजा रानात जात राहिली. विळी येसूबाईकडंच होती, विहिरीचं कुलूप तसंच होतं, पण 'ते' आलं नाही. की आलं आणि गेलं, कुणाला ठाऊक. गौरा मंगळवारी ओटीवर बसायची. हळूहळू ओटीवर बसल्या बसल्या तिला तांदूळ निवडता येऊ लागले.

आश्विनात भात पिवळं पडत होतं. सकाळी बायजा उठली नाही. पोट दुखतंय म्हणाली आणि अंथरुणाशेजारीच ओकली. गौरानं तिचं डोकं धरलं, आणि धरल्या धरल्या वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला. मग तिनं उतरंड उतरवली, माळा बघितला, उशी उसवली, चुलीमागं, गोठ्यात, परसात, सगळीकडं हात घातला. परत येऊन विचारलं, "काय घेतलंस?" बायजा म्हणाली, "काय नाय गं वयनी. पोट दुखतंय." गौरानं पुन्हा विचारलं. शपथ घालून विचारलं, रागावून विचारलं, गालावरून हात फिरवून विचारलं. येसूबाई आली, तिनंही तेच विचारलं. सखाराम सकाळची पाळी टाकून आला होता; तो आधी चांगोशेटकडं धावला, काही दिलंस का म्हणून. चांगोशेट देवाची आण घेऊन नाही म्हणाला, तरी त्याच्या दुकानातल्या पुड्या मोजून बघेपर्यंत तास गेला. मग टेंपो मिळाला.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांना येसूबाईनंच आधी सगळं सांगितलं. पोरीचा जीव वाचावा म्हणूनच सांगितलं. त्यांनी नाकातून नळी घातली, पोट धुतलं. काही निघालं नाही. उशीर झाला असेल, ते म्हणाले. पोलीस आला, त्यानं वहीत नाव लिहून घेतलं आणि तोच प्रश्न विचारला. बायजानं प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, आधी मोठ्यानं, मग हळू, मग नुसती मान हलवून. गौरा तिच्या पायांशी बसली होती. सगळी जरा बाहेर गेली तेव्हा बायजानं डोळे उघडले. ओठ सुकले होते. "वयनी," ती म्हणाली, "तुला तरी खरं वाटतं ना?" गौरा हो म्हणाली. पण म्हणायच्या आधी एक क्षण गेला. पापणी लवण्याइतका. त्या क्षणात गौरानं तिच्या डोळ्यांत बघितलं होतं, खोटं बोलतेय का म्हणून. बायजानं ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुसरे, वयस्क डॉक्टर आले. त्यांनी पोटावर हात ठेवला, दाबला, सोडला, आणि त्यांचा चेहरा बदलला. अपेंडिक्स फुटलंय, ते म्हणाले, शहरात हलवा. शहर गाठेपर्यंत ती राहिली नाही. पोलिसांच्या कागदात नैसर्गिक मरण लिहून आलं, सखारामनं तो कागद कितीकांना वाचून दाखवला. माणसं ऐकून मान डोलवायची आणि पाठ वळली की म्हणायची, घरच्यांनी निस्तरलं म्हणून बरं. अकरा वर्षं वाचवली, शेवटी जे व्हायचं ते झालंच. कुणी म्हणालं, ठाकरिणीनं रानातलं काही दिलं असेल. हे गौराच्या कानावर आलं होतं. ती त्यावर काही बोलली नव्हती.

पेठ जिथं संपते तिथं, वडाच्या पाराला टेकून, जिजा बसलेली होती. पुढं पळसाच्या पानांचे भारे. आश्विनापासून ती भिसेगावात आली नव्हती. गौराबाईला वाटलं, वळावं, दुसऱ्या वाटेनं जावं. पण जिजानं तिला बघितलं होतं. ती उठली नाही, हसली नाही. तिनं शेजारचा एक भारा उचलून पलीकडं ठेवला आणि जागा केली. गौराबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली. मग जिजाच म्हणाली, की लोक काय बोलतात ते पाड्यावरही आलंय, म्हणून तिकडून जाणं सोडलं. गौराबाई खाली बघत म्हणाली, की मला ठाऊक होतं, मी कुणाला गप्प केलं नाही.

"दिला व्हता मी पाला," जिजा म्हणाली. "वाटून दिला व्हता. पोटासाठी. आठ दिस दुखत व्हतं तिचं. शेवटच्या मंगळवारी चढ चढतानाच बसली. मी बोलले, पाला देते, उतार पडंल. मनाच कळलं नाय." तिनं एक पान घेतलं आणि त्याची शीर सोलत राहिली.

आठ दिवस, गौराबाई मनात म्हणाली. आठ दिवस ती त्याच घरात होती, अंगण सारवत होती, हाक मारली की ओ देत होती. भिंतीपलीकडून ऐकू येणाऱ्या एका आवाजावरूनही ते कळलं नव्हतं. "आमाला नाय बोलली," ती म्हणाली.

"नाय बोलणार. म्हणायची, कायपण दुखलं तं वयनी घाबरते. घर शोधायला लागते. परत राखत बसंल. मग मंगळवार जाईल." जिजा थांबली. "तुमच्यावर राग नव्हता तिचा. तुमचा जीव जाऊ नये म्हणून नाय बोलली."

पारावरचं ऊन सरकलं होतं. कुणीतरी पानं घ्यायला आलं आणि जिजा बघत नाही असं पाहून पुढं गेलं. त्या सकाळपासून त्या दुसऱ्या डॉक्टरांपर्यंत बायजाला किती जणांनी काय काय विचारलं, ते सगळं गौराबाईला एकदम ऐकू आलं. तिचा स्वतःचा आवाज, सखारामचा, येसूबाईचा, वहीवाल्या पोलिसाचा. सगळे एकच विचारत होते. दुसरं काही विचारायचं असतं हेच कुणाला सुचलं नव्हतं.

"जिजा," ती म्हणाली. "कुठं दुखायचं गं तिला?"

जिजानं हातातलं पान खाली ठेवलं. ती जरा जवळ सरकली, गौराबाईच्या मांडीवरची पिशवी तिनं बाजूला केली, आणि तिचा उजवा हात धरून तिच्याच पोटावर, उजवीकडं, कमरेच्या हाडाच्या वर नेऊन ठेवला.

"हितं," जिजा म्हणाली.

गौराबाईनं हात तिथंच दाबून धरला.